हनुवटी

बाबांनी आयुष्यभर कोंबड्यांचे गळे चिरले, पण खाल्ली एकही नाही. आमच्या घरात कोंबडी शिजतच नसे. शाळेत मैत्रिणींनी विचारलं की मी सांगायचे, माझे वडील डॉक्टर आहेत. कोणाचे, ते सांगायचे नाही. एकदा एका मैत्रिणीची आई दुखरा घसा घेऊन आमच्या दारात उभी राहिली आणि माझं बिंग फुटलं. बाबांनी तिला अगत्याने आत बसवलं आणि कोंबडीची जीभ कशी असते त्याचं चित्र काढून दाखवलं. ती बाई पुन्हा आली नाही. मैत्रीणही नाही.

पक्षी गिळतात कसे, एवढाच त्यांचा विषय. पस्तीस-चाळीस वर्षं एक माणूस एवढ्याच गोष्टीमागे लागला होता, हे मी कोणाला सांगितलं की लोक हसतात. मीही हसायचे. पण ते बोलायला लागले की हसू हळूहळू मावळायचं. माणसाच्या घशात श्वासनळीवर एक झाकण असतं, ते म्हणायचे, पक्ष्याला झाकण नाही. जिभेच्या मागे नुसती एक फट असते, तिच्यातून तो श्वास घेतो, आणि प्रत्येक दाणा त्या फटीवरूनच मागे जातो. दाणा जाताना फट मिटली पाहिजे. मिटवणारे स्नायू केसाएवढे, आणि त्यांना हुकूम देणाऱ्या नसा त्याहून बारीक. जिभेवर मागे वळलेले काटे असतात, म्हणजे आत गेलेला दाणा पुढे यायला नको. मग कोंबडी मान वर करते, आणि उरलेलं काम दाण्याचं वजन करतं. कबुतर तेवढं मान खाली ठेवूनच पाणी ओढून घेतं. या कबुतराचं बाबांना इतकं कौतुक होतं, की माझ्या बारावीच्या निकालाचंही तेवढं झालं नाही.

कोणती नस कोणतं काम करते हे कळायचं तर एकच मार्ग होता. एक नस कापायची आणि काय बंद पडतं ते बघायचं. जिभेच्या नसा कापल्या की कोंबडी दाणा टिपते, पण तो मागे सरकतच नाही. चोचीच्या टोकाशी घोटाळतो आणि खाली पडतो. ती पुन्हा टिपते. भरल्या भांड्यासमोर दिवसभर टिपत राहते आणि उपाशी मरते. मी लहानपणी एकदा बाबांच्या प्रयोगशाळेतल्या प्राणिघरात हे पाहिलं. नंतर त्या प्राणिघरात मी पाऊल टाकलं नाही.

आई त्याच प्राणिघरात कामाला होती. पिंजरे धुणं, दाणापाणी, आणि नसा कापलेल्या कोंबड्यांना हाताने भरवणं. बाबा तिथे नवे लागले तेव्हा त्यांच्या कोंबड्या पटापट मरायच्या. भुकेने नाही, भरवताना. पाणी फटीतून श्वासनळीत गेलं की खेळ खलास. एक दिवस आईने त्यांच्या हातातून कोंबडी काढून घेतली म्हणे. काखेत धरली, डाव्या हाताने चोचीखाली आधार देऊन मान सरळ वर केली, भिजवलेल्या पिठाची गोळी जिभेच्या पार मागे, फटीच्या पलीकडे ठेवली, आणि अंगठ्याने गळ्यावरून खाली कुरवाळत गेली. गोळी उतरताना बाहेरून दिसली. बाबा बघतच राहिले. त्यांचं लग्न असं जमलं. बाबा कापायचे, आई जगवायची, आणि प्रयोग संपला की बाबा ती कोंबडी मारून नस कुठवर सुकली ते भिंगाखाली बघायचे. त्या दिवशी आई पलीकडे जाऊन रिकामा पिंजरा घासायची.

"तुला काही वाटत नाही?" मी तिला मोठेपणी विचारलं होतं.

"काय वाटायचंय? त्यांचं काम ते करतात. माझ्या हातात एकही गेली नाही."

हे वाक्य ती पाहुण्यांनाही ऐकवायची. तिच्याजवळ मिरवायला दुसरं काही नव्हतं. बाबांना शाली मिळाल्या, पेले मिळाले, परदेशातून पत्रं आली. आईला एवढंच मिळालं होतं, की तिच्या हातात एकही गेली नाही.

बाबांना झटका आला तो सकाळी दाढी करताना. अर्धा गाल साबणाचा, अर्धा मोकळा, अशा तोंडाने त्यांना दवाखान्यात नेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोकं मात्र जागच्या जागी. 'हो' म्हणायचं तर डोळे मिटायचे, 'नाही' म्हणायचं तर डावा हात हलवायचा, असं आमचं ठरलं. आणि मग डॉक्टरांनी सांगितलं, की गिळणंही गेलंय. दादा फोनवर म्हणाला, "नेमकं गिळणंच?" मी म्हटलं, "हो, नेमकं तेच. तुला हसायचं असेल तर फोन ठेवून हस." तो हसला नाही. माझ्या नाकावर राग असतो, तो बिचारा समोर येईल त्याच्यावर निघतो.

गिळण्याची तपासणी करणारी एक तरुण बाई होती. मी तिला मनात 'घसावाली' म्हणायचे. तिने बाबांना खुर्चीत बसवलं, पांढरं औषध कालवलेली घट्ट पेज चमच्याने दिली आणि एक्स-रेची हलती फिल्म पडद्यावर लावली. मी आणि आई काचेमागून बघत होतो. बाबांच्याच कवटीच्या आत, पडद्यावर काळा दिसणारा एक घास जिभेवरून घरंगळत मागे आला, थांबला, आणि त्याची बारीकशी धार चुकीच्या नळीत उतरली. बाबा खोकले नाहीत. त्यांनी पडदा बघितला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचे डोळे चमकले. डावं बोट उचलून त्यांनी ती धार बरोबर दाखवली. घसावाली म्हणाली, "अरे वा, सर, तुमच्या लक्षात आलं!" तिला काय माहीत, ती कोणाला काय दाखवत होती ते. अशा फिल्मा त्यांनी शेकड्याने काढल्या होत्या, फक्त त्यांत चोच असायची.

मग तिने त्यांची मान पुढे झुकवली, हनुवटी छातीला टेकवली आणि तोच घास पुन्हा दिला. या वेळी धार गेली नाही. मान मागे करून दिला, तेव्हा पडद्यावर इतकं काही आत गेलं, की तिने घाईने फिल्म थांबवली.

"हे लक्षात ठेवा," ती आम्हाला बाहेर येऊन म्हणाली. "हनुवटी खाली, मगच गिळायचं. मान वर झाली की श्वासनळीचं तोंड उघडं पडतं. आणि त्यांना खोकला येत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. आत काही गेलं तरी त्यांच्या घशाला ते कळत नाही."

"पण मान वर केल्याशिवाय उतरेल कसं?" आईने विचारलं.

"माणसाचं उतरतं, मावशी."

आईने मान डोलावली. पण मला तिचा चेहरा ओळखता येतो. तिला ते पटलेलं नव्हतं.

बाबांच्या नाकातून पोटात नळी घातली आणि आम्हाला घरी पाठवलं. पोट नळीने भरायचं, आणि सवय जाऊ नये म्हणून दिवसातून दोनदा थोडी घट्ट पेज तोंडाने द्यायची. महिन्याने पुन्हा फिल्म. छाती स्वच्छ राहिली आणि घास नीट गेला तर नळी काढणार. तसं झालं नाही तर पोटाला भोक पाडून कायमची नळी बसवणार, आणि मग तोंडात पाण्याचा थेंबही नाही. बाबांनी हे ऐकलं तेव्हा त्यांचा डावा हात किती तरी वेळ हलत राहिला. नाही, नाही, नाही. मी त्यांना शब्द दिला, की नळी काढायचीच. मला ते टेबलाशी बसून, चमचा आपटत, मीठ कमी आहे म्हणून कुरकुर करताना परत बघायचे होते. दुसरं काही नको होतं.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. फ्रेममध्ये काच बसेल इतकी घासायची, केसभरही जास्त नाही. त्यामुळे नियम सांगितला की मला तो पाळता येतो. पहिले काही दिवस मीच भरवलं. उशी पाठीशी, हनुवटी खाली, छोटा चमचा, घास उतरला का ते बघणं, मग पुढचा. आई दारात उभी राहून बघायची.

"अगं, अशाने घशात बसेल ना. जरा मान तरी उचल."

"आई, ते कोंबडी नाहीत."

"कळतंय मला. एवढी काही मी हे नाही."

हे म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही, पण लागलं तिला. आणि दोन दिवसांनी बाबांनी माझ्यासमोर तोंडाला कुलूप लावलं. चमचा ओठाशी नेला की दात घट्ट. मी विनवलं, मग ओरडले, मग पुन्हा विनवलं. शेवटी हात टेकले आणि वाटी आईच्या हातात दिली. आई जवळ बसली मात्र, बाबांनी लहान मुलासारखं तोंड उघडलं. मला तोंडात मारल्यासारखं झालं. आईच्या खांद्यांकडे बघूनच कळत होतं, की ती जिंकली होती.

मग मी आईला शिकवलं. हो, मी तिला भरवायला शिकवलं, यावर हसायचं तर हसा. डावा हात डोक्यामागे, हनुवटी खाली दाबायची नाही, नुसती झुकवायची, गळ्याला हात लावायचा नाही. संध्याकाळी माझ्यासमोर ती सगळं बरोबर करायची. दुपारी मी दुकानात असायचे.

थोड्या दिवसांनी बाबांना कणकण यायला लागली. आवाज तर नव्हताच, पण श्वास घेताना घशात पाणी खळखळल्यासारखं वाजायचं. डॉक्टर घरी आले, पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत बसले.

"उजव्या बाजूला खाली बसलंय काहीतरी. भरवताना चुकत नाही ना?"

"छे!" आई म्हणाली. "एकदासुद्धा खोकत नाहीत."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, औषध लिहिलं आणि तोंडाने देणं तूर्त थांबवा म्हणाले. मी आईला ते पुन्हा पुन्हा बजावलं. ती 'बरं' म्हणाली. तिचं 'बरं' म्हणजे काय असतं ते मला कळायला हवं होतं. ताप उतरला, बाबा जरा तरतरीत दिसायला लागले, आणि माझाही जीव भांड्यात पडला.

एके दुपारी दुकानातलं काच घासायचं यंत्र बंद पडलं आणि मालकाने मला लवकर सोडलं. दार लोटलेलं होतं. मी चपला काढल्या आणि आवाज न करता आत गेले, बाबा झोपले असतील म्हणून. ते झोपले नव्हते. खाटेवर बसले होते आणि आई त्यांना भरवत होती. तिचा डावा हात त्यांच्या हनुवटीखाली होता, मान पार वर, छताकडे. तिने पेजेचा चमचा जिभेच्या मागे नेला, रिकामा करून काढला, आणि अंगठ्याने त्यांच्या गळ्यावरून खाली कुरवाळत गेली. तोंडाने हलकेच काहीतरी गुणगुणत होती. बाबांचे डोळे मिटलेले होते. इतका सुखी माणूस मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, आणि त्यांना तर मुळीच नाही.

"आई!"

तिच्या हातातला चमचा पडला.

"अगं, मी नाही," ती घाईघाईने म्हणाली. "मी तू सांगितलंस तसंच करत होते. तेच मान वर करतात. मी खाली केली की हात धरून परत वर नेतात. आणि बघ ना, ठसका नाही, काही नाही. कसं सरळ उतरतंय. यांना कळत नसेल होय? यांच्याएवढं कोणाला कळतं त्यातलं?"

माझ्या तोंडाशी आलं होतं, की आई, तू त्यांना मारते आहेस. ते शब्द दातांमागे होते. पण बाबांचा डावा हात उठला आणि जोराने हलला. नाही. मी आईला म्हटलं, गच्चीवरचे कपडे काढून आण, आभाळ आलंय. आभाळ स्वच्छ होतं. ती लगेच गेली, कारण तिलाही खोलीतून बाहेर पडायचंच होतं.

मी खाटेच्या कडेला बसले.

"बाबा, तुम्हाला माहीत आहे ना कुठे जातंय ते?"

त्यांनी डोळे मिटले. हो.

"सगळं माहीत आहे? ती फिल्म आठवते?"

हो.

"मग मरायचंय का तुम्हाला?"

हात हलला. नाही. मग त्यांनी नाकातल्या नळीला बोट लावलं आणि हात हलवला. मग जिन्याकडे बोट केलं, जिथून आई गेली होती, आणि तोंड उघडून मान वर केली. मला वेगळं समजावायची गरज नव्हती. नळीने जगायचं नाही. जेवायचं, आणि ते तिच्या हातचं, तिला येतं तसं. त्यात काय होईल ते होऊ दे. चाळीस वर्षं त्यांनी तिला दुसऱ्या जिवांना तसं भरवताना पाहिलं होतं. त्यांनाही कधीतरी ते हवंसं वाटलं असेल. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

"छान," मी म्हटलं. "मरा मग. पण आईच्या हातून का मरताय? तिने जन्मभर एकच गोष्ट मिरवली ना? तिच्या हातात एकही गेली नाही. आता तुम्ही जाणार. उद्या डॉक्टर म्हणतील भरवताना चुकलं. दादा विचारेल कोण भरवत होतं. ती काय करेल? कुठे जाईल ती? तुम्ही कापायचे, मारायचे, आणि ती पिंजरा धुवायची. आता हा पिंजराही तिनेच धुवायचा का?"

मी खूप वाईट बोलले, माहीत आहे. पण बोलता बोलता मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि मला दिसलं, की हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. इतका हुशार माणूस. कोणती नस कोणत्या स्नायूला हलवते ते अंधारात सांगेल, आणि शेजारी बसलेल्या बाईचं नंतर काय होईल हे त्याच्या मनाला शिवलं नव्हतं. त्यांचं अर्धं तोंड थरथरायला लागलं. घशातून एक आवाज आला, तो काय होता मला सांगता येणार नाही. मी त्यांचं डोकं छातीशी धरलं. आई कपड्यांचा ढीग घेऊन खाली आली तेव्हा आम्ही तसेच होतो.

त्या संध्याकाळी आईने वाटी आणली. मी अडवलं नाही, मुद्दाम समोर बसले; बाबा काय करतात ते मला बघायचं होतं. बाबांनी तोंड उघडलं नाही. आईने हनुवटी खाली केली, मी शिकवलं होतं तशी. नाही. मग माझ्याकडे चोरून बघत थोडी वर केली. नाही. तिने गालावरून हात फिरवला, ओठाच्या कोपऱ्याला चमचा टेकवला, गुणगुणून पाहिलं. त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

"अहो," ती म्हणाली. "अहो, एकच घास. माझ्यासाठी."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आई पेज पातळ करून बघायची, गोड करून बघायची, मीठ घालून बघायची. मी दुकानातून आले की भरलेली वाटी ओट्यावर असायची, वर साय धरलेली. बाबा भिंतीकडे तोंड करून असायचे. तिच्याकडे बघायचेही नाहीत, कारण बघितलं असतं तर तोंड उघडलं असतं. हे मला कळत होतं, आईला नाही. तिला एवढंच दिसत होतं, की नवऱ्याने तिच्याकडे पाठ फिरवली. मी बाबांना खुणेने विचारलं, सांगू का तिला? हात हलला. नाही.

ताप परत आला, या वेळी जोरात. छातीत जे बसलं होतं ते गेलेलं नव्हतंच, औषधाने नुसतं दबलं होतं. दवाखान्यात त्यांना श्वासाचं यंत्र लावलं, तोंडावर मुखवटा. आई पिशवीत रुमालात गुंडाळून तो छोटा चमचा घेऊन आली होती. नर्सला म्हणाली, "जरा हे काढलं तर मी थोडं भरवते. माझ्या हातचं घेतात ते." घेतात, म्हणाली. घ्यायचे, असं नाही म्हणाली. नर्सने तिला हाताला धरून बाहेर बाकावर आणून बसवलं. बाबा पहाटे गेले. त्या वेळी आम्ही दोघीही बाहेर बाकावर होतो.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, अन्न छातीत गेल्यानेच हे झालं, पण या आजारात ते होतंच, कोणाची चूक मानू नका. मी 'हो' म्हटलं. दादा आला, सगळं उरकलं, आणि जाताना म्हणाला, "आईकडे बघ." जसं काही मी आतापर्यंत खिडकीकडे बघत होते.

आईने अन्न सोडलं. मुद्दाम नाही. ताटावर बसायची, घास तोंडात घ्यायची, चावत राहायची आणि मग उठून मोरीत टाकायची. "उतरत नाही गं," म्हणायची. डॉक्टरांनी तपासलं, घशात काही नव्हतं. टॉनिक दिलं, तेही तिने ओठांवरून खाली ओघळू दिलं. तिची बोटं काड्यांसारखी झाली. रात्री उठून ती बाबांच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायची, ते जिथे बघत होते तिथे काय आहे हे शोधत असल्यासारखी. मी आधी समजावलं, मग रागावले, मग शेजारच्या काकूंना बोलावलं. काही उपयोग झाला नाही. मला भीती वाटायला लागली, की या घरात आता दुसरंही माणूस असंच जाणार.

एका रविवारी दुपारी मी तिच्यासमोर वरणभाताचं ताट ठेवलं. तिने ते बाजूला सरकवलं आणि मला विचारलं.

"माझं काय चुकलं?"

"कुठे काय चुकलं?"

"नाही, सांग तू. काहीतरी चुकलंच असेल. शेवटी शेवटी माझ्या हातचं तोंडात घेतलं नाही त्यांनी. नसा कापलेल्या कोंबड्यासुद्धा घ्यायच्या माझ्या हातचं. माझ्याकडे बघतही नव्हते गं. असं कसं झालं एकदम? त्या दिवसापर्यंत तर किती छान..." ती थांबली. "तू आलीस त्या दिवसापर्यंत."

खरं सांगायचं तर एकाच वाक्याचं काम होतं. आई, तुझ्या हातून त्यांच्या छातीत अन्न जात होतं, आणि तुला ते कळू नये म्हणून त्यांनी तोंड बंद केलं. हे ऐकून तिला कळलं असतं, की त्यांचं तिच्यावर किती प्रेम होतं. आणि त्याच श्वासात हेही कळलं असतं, की ते कशाने गेले. मी हे दोन वेगळे कसे करू ते मला सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. आणि दुसरा विचार असा, की मी त्या दिवशी तोंड मिटून बसले असते, तर ते गेले असतेच, पण तिच्या हातचा घास खात गेले असते. तो विचार माझी पाठ सोडत नाही.

"मी सांगितलं त्यांना," मी म्हटलं.

"काय सांगितलंस?"

"की तिच्या हातचं घेऊ नका. म्हटलं, ती आता म्हातारी झालीये, हात कापतो, सांडवते, स्वच्छता राहत नाही. तिच्या हातचं घेतलंत तर मी तुमची नळी काढू देणार नाही, असा दम दिला. म्हणून घेत नव्हते. घाबरले मला."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग मानेपासून रंग चढत वर आला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिच्या अंगात रक्त आहे असं वाटलं.

"माझा हात कापतो?"

मी हो म्हणून मान हलवली.

"माझा? हा हात?" तिने तो माझ्यासमोर धरला. तो खरंच कापत होता, उपासाने आणि रागाने. "किती जीव जगवलेत या हाताने, तुला माहीत आहे? तुला याच हाताने वाढवलं. त्यांना मी चांगलं भरवत होते. चांगलं खात होते ते. तू त्यांना उपाशी ठेवलंस! माझ्या हातून काढून उपाशी मारलंस त्यांना!"

"हो," मी म्हटलं.

"ऊठ इथून. तोंड दाखवू नकोस मला."

मी उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. मग ताट ओढल्याचा आवाज आला. मी डोकावून पाहिलं. तिने भात कालवला, मोठा घास केला आणि तोंडात कोंबला, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. चावला. थांबली. मला वाटलं, आता उठेल आणि मोरीकडे जाईल. तिने हनुवटी खाली केली, डोळे घट्ट मिटले, आणि तो घास उतरला.

तिने ताट संपवलं. त्यानंतर ती रोज जेवते, दोन्ही वेळा, माझ्याकडे पाठ करून. माझ्याशी मात्र ती अजून एक शब्दही बोललेली नाही.